जुन्या कॉम्प्युटरमधल्या २००४ पासूनच्या मेल आणि अटॅचमेंट नव्या लॅपटॉपवर कशा न्यायच्या?

कृष्णाकाठ | ११ जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. सांगलीहून लिहितेय. आमच्या घरातून दरवर्षी एक छोटा दिवाळी अंक निघतो. सासऱ्यांनी सुरू केला, आता संपादन मी बघते. लेखकांचा पत्रव्यवहार, आलेलं साहित्य, दुरुस्त्या, मुखपृष्ठाचे नमुने, जाहिरातींचे मजकूर, सगळं २००४ पासून मेलवर चालतं. आणि ते सगळं एकाच कॉम्प्युटरवर आहे. विंडोज ७, आउटलुक २००७.

कागदी फायली ऑगस्ट २०१९ च्या पुरात गेल्या. तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. पाणी ओसरल्यावर हस्तलिखितं गच्चीवर वाळत घातली, पण शाईच उरली नव्हती. कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. त्यामुळे जुन्या लेखकांचं जे काही आमच्यापाशी उरलंय ते या मेलमध्येच. त्यातले काहीजण आता हयात नाहीत.

हा कॉम्प्युटर हल्ली सुरू व्हायला वीस मिनिटं घेतो आणि काम करता करता बंद पडतो. मुलाने विंडोज ११ चा लॅपटॉप घेऊन दिलाय. त्यातही आउटलुक आहे, पण ते वेगळंच दिसतं आणि जुनं काही त्यात कसं आणायचं ते सापडत नाही. एकाने सांगितलं की प्रत्येक मेल स्वतःलाच फॉरवर्ड करा. हजारो मेल आहेत! पुढच्या आठवड्यात लेखकांना निमंत्रणं जायची आहेत, तेव्हा मागची पत्रं हाताशी लागतात. कुणी नीट वाट दाखवेल का?

तारयंत्र | ११ जून, रात्री १०.३५

ताई, फॉरवर्ड अजिबात करू नका. फॉरवर्ड केलेली मेल तुमच्या नावाची आणि आजच्या तारखेची होते. मूळ लेखकाचं नाव आणि तारीख मजकुरातली एक ओळ म्हणून उरते, मग तारखेने लावून बघायची सोयच जाते.

कॉम्प्युटर बंद पडतोय म्हणजे आधी नक्कल, बाकी सगळं नंतर. उद्या सकाळी तो सुरू झाला की एवढंच बघा:

‘टूल्स’ मेनूत ‘अकाउंट सेटिंग्ज’ उघडा. पहिल्या पानावर खात्यापुढे पॉप लिहिलंय की आयमॅप? तिथेच ‘डेटा फाइल्स’ नावाचं पान आहे. त्यात किती फायली दिसतात आणि प्रत्येकीचा पत्ता काय, ते कागदावर उतरवून घ्या. नाव कदाचित ‘आउटलुक डॉट पीएसटी’ असेल (पीएसटी म्हणजे आउटलुक मेल साठवतं ती फाइल). अनेकदा ‘आर्काइव्ह डॉट पीएसटी’ नावाची दुसरीही असते. आउटलुक मधूनमधून ‘जुन्या गोष्टी आर्काइव्ह करू का’ विचारतं आणि आपण ‘हो’ म्हणतो, तेव्हा ती तयार होते. लोक ही दुसरी फाइल हमखास विसरतात, आणि सगळ्यात जुनी मेल नेमकी तीत असते.

पॉप की आयमॅप हे विचारतोय कारण त्यावर सगळं ठरतं. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर आहेत, नव्या लॅपटॉपवर खातं जोडलं की आपोआप येतील. पॉप असेल तर मेल सर्व्हरवरून उतरवून तुमच्या डिस्कवर ठेवलेली असते आणि सर्व्हरवरची प्रत बहुतेक वेळा पुसली जाते. तसं असेल तर जगातली एकमेव प्रत त्या डिस्कवर आहे.

सावंतवाडीकर | ११ जून, रात्री ११.१०

ताई, एक कळकळीची विनंती. कॉम्प्युटर दुकानात देऊन ‘डेटा काढून द्या’ एवढंच सांगू नका. चार वर्षांपूर्वी मी तसं केलं. त्या माणसाने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो सगळं नीट काढून दिलं, मग डिस्क फॉरमॅट करून नवीन विंडोज घातलं. मेलची फाइल ‘ॲपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असते. त्याला ती दिसली नाही आणि मलाही ती असते हे माहीत नव्हतं. भावाच्या जमिनीच्या व्यवहाराची सगळी पत्रं त्यात होती. आजही एखादा कागद लागला की पोटात गोळा येतो.

कृष्णाकाठ | १२ जून, दुपारी १.२०

तारयंत्र, तुम्ही सांगितलं तसं बघितलं. खातं पॉप आहे. म्हणजे तुम्ही म्हणता तीच एकमेव प्रत. हे वाचून हात थरथरले, खरंच सांगते.

फायली तीन निघाल्या. चालू वापरातली ११.४ जीबी. ‘आर्काइव्ह’ २.६ जीबी. आणि डी ड्राइव्हवर ‘जुनी’ नावाची १.८ जीबीची, ती सासऱ्यांनी २००९ साली बाजूला काढलेली असावी, त्यात २००४ ते २००९ आहे.

६४ जीबीचा पेन ड्राइव्ह आहे, जवळपास रिकामा. दोन छोट्या फायली गेल्या. मोठी टाकायला गेले तर ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप येतो. जागा तर भरपूर आहे!

तारयंत्र | १२ जून, दुपारी २.०५

जागेचा प्रश्न नाही, पेन ड्राइव्हच्या आखणीचा आहे. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची कमाल मर्यादा असते, ड्राइव्ह केवढाही असो. त्यातल्या दोन फायली तात्पुरत्या लॅपटॉपवर घ्या, पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडा आणि पद्धत ‘एक्सफॅट’ ठेवा. मग तिन्ही फायली परत टाका.

कॉपी करताना आउटलुक बंद असायला हवं. खिडकी बंद केली तरी ते मागे चालू राहू शकतं, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये बघून घ्या. उघड्या फाइलची कॉपी होत नाही.

‘जुनी’ फाइलबद्दल: २००२ पर्यंतच्या आउटलुकची पीएसटी २ जीबीच्या पलीकडे जात नसे, मर्यादेला टेकली की बिघडायची. १.८ वर थांबवून बाजूला काढली हे सासऱ्यांनी फार शहाणपणाने केलं. आउटलुक २००३ पासून नवा साचा आला आणि मर्यादा २० जीबी झाली, म्हणून तुमची ११ जीबीची फाइल धडधाकट आहे.

कॉपी झाली की पेन ड्राइव्ह काढून ठेवा, आणि तिन्ही फायली आणखी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवरही घ्या. एकाच पेन ड्राइव्हवर भरवसा नको. हे झाल्यावर कळवा, मग पुढचं बोलू. तोवर जुन्या कॉम्प्युटरवर काहीही पुसू नका.

उंबरठा | १२ जून, संध्याकाळी ६.४५

वकिलीच्या अंगाने थोडं. तुमच्या मेलमध्ये लेखकांच्या परवानग्या असतील. ‘कथा छापायला हरकत नाही’, ‘मानधन मिळालं’, ‘अनुवादाचे हक्क माझ्याकडे राहतील’ अशा ओळी. उद्या कुणाच्या वारसांनी प्रश्न विचारला तर तीच तुमची कागदपत्रं. त्यामुळे मेल पीडीएफ करून किंवा छापून मूळ फाइल टाकून देऊ नका. मेलच्या पोटात हेडर असतो: कुठल्या सर्व्हरवरून कधी निघाली, कुठून कुठे गेली, याची नोंद. छापील कागदावर ती येत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी त्याच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं (पूर्वीचं ६५ ब आठवत असेल), आणि त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅशही मागितलेला आहे. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा, एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. या तिन्ही पीएसटींचा हॅश आजच काढून तारखेसह लिहून ठेवा. कोर्टात जायची वेळ येऊ नये, पण नक्कल तंतोतंत झाली की नाही हे कळायलाही तोच उपयोगी पडतो.

तारयंत्र | १२ जून, संध्याकाळी ७.१५

उंबरठा यांना पूर्ण अनुमोदन. त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. विंडोज ७ आणि ११ दोन्हीत ‘सर्टयूटिल’ नावाची आज्ञा आहे, तिला ‘हॅशफाइल’ हा पर्याय, फाइलचा पत्ता आणि शेवटी ‘एसएचए२५६’ असं दिलं की लांबलचक आकडा देते. जुन्या कॉम्प्युटरवरचा आणि पेन ड्राइव्हवरचा आकडा सारखा आला की निर्धास्त.

कृष्णाकाठ | १४ जून, सकाळी ११.००

दोन्ही ठिकाणी नकला झाल्या. मुलाने तिन्ही फायलींचे हॅश जुळवले, सगळे सारखे. काल रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

आता ही पीएसटी नव्या लॅपटॉपवर उघडायची कशी? डबल क्लिक केलं तर काही होत नाही.

तारयंत्र | १४ जून, दुपारी १२.३०

दोन रस्ते आहेत.

सोपा रस्ता: ज्याला ‘क्लासिक’ म्हणतात ते पूर्ण आउटलुक विकत घ्यायचं. लॅपटॉपबरोबर फुकट आलेलं नवं आउटलुक तुमच्या कामाचं नाही. क्लासिकमध्ये फाइल, मग ओपन, मग आउटलुक डेटा फाइल. संपलं. मात्र पीएसटी आधी पेन ड्राइव्हवरून लॅपटॉपच्या डिस्कवर घ्या, आणि क्लाउडला जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवू नका. विंडोज ११ मध्ये ‘डॉक्युमेंट्स’ अनेकदा क्लाउडशी आपोआप जोडलेलं असतं. पीएसटीत एक मेल आली तरी ११ जीबीची फाइल बदलते आणि सिंक होत बसते. सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करा.

दुसरा रस्ता थंडरबर्ड नावाच्या मेल सॉफ्टवेअरचा, फुकट. वेळ लागतो, पण मला हाच जास्त पटतो. त्यात मेल एमबॉक्स नावाच्या साच्यात राहतात, आणि एमबॉक्स म्हणजे साधा मजकूर. एकाखाली एक मेल. तीस वर्षांनी थंडरबर्ड नसलं तरी त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने उघडता येतील. तुमच्यासारख्या संग्रहाला हे फार मोलाचं आहे.

अडचण एकच. विंडोजवर थंडरबर्डला पीएसटी वाचायला त्याच कॉम्प्युटरवर आउटलुक लागतं. म्हणजे हे काम जुन्या मशीनवर करावं लागेल. विंडोज ७ वर चालणारी थंडरबर्डची शेवटची मालिका ११५. आउटलुक २००७ हे ३२ बिटचं, म्हणून थंडरबर्डही ३२ बिटचंच घ्या, नाहीतर ते आउटलुकला ओळखणार नाही. आउटलुकमध्ये तिन्ही फायली आधी उघडून ठेवा. मग थंडरबर्डमध्ये टूल्स, इम्पोर्ट, आउटलुक. मेलबरोबर पत्त्यांची वहीसुद्धा यातूनच घ्या. सीएसव्ही (पत्त्यांची साध्या तक्त्याची फाइल) काढायच्या फंदात पडू नका, आउटलुक २००७ ची सीएसव्ही मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं टाकते.

डिस्कवर मोकळी जागा किती आहे ते आधी बघा, २५ जीबी तरी हवी.

निळीशाई | १४ जून, रात्री ११.४०

मी मूळची मिरजेची, आता मिशिगनला असते. हा धागा दोन दिवस वाचतेय. शिकायला आले तेव्हा मी युडोरा नावाचं मेलचं सॉफ्टवेअर वापरायचे. २००१ साली बाबा सायबर कॅफेत जाऊन पत्रं स्कॅन करून पाठवायचे, आजीच्या हातची, मोडीतल्या सहीसकट. पुढे नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा मी मेलच्या फायली मोठ्या काळजीने कॉपी केल्या. पण युडोरा अटॅचमेंट मेलमध्ये ठेवत नसे, काढून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचं आणि मेलमध्ये फक्त त्या जागेचा पत्ता लिहायचं. तो फोल्डर मी घेतलाच नाही. आज बाबांच्या सगळ्या मेल आहेत आणि प्रत्येकीच्या खाली एका मेलेल्या डिस्कवरचा पत्ता आहे.

आउटलुकमध्ये असं होत नाही, अटॅचमेंट मेलच्या पोटातच असते. पण थंडरबर्डमध्ये ‘डिटॅच’ नावाचा पर्याय आहे, तो हेच करतो. जागा वाचवायला म्हणून तो कधीही वापरू नका, कृष्णाकाठताई. ‘सेव्ह’ करा, ‘डिटॅच’ नको.

कृष्णाकाठ | १५ जून, सकाळी ८.१०

निळीशाई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. लक्षात ठेवीन.

रानजाई | १५ जून, सकाळी १०.२५

एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. मी प्रकाशनात प्रूफं बघते. मेलमधली वर्डची फाइल आपण थेट उघडतो, त्यातच दुरुस्त्या करतो, सेव्ह दाबतो. ती कुठे जाते? मूळ मेलमधली अटॅचमेंट तशीच राहते. दुरुस्त केलेली प्रत एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये बसते, आणि तो पीएसटीत नसतो. ताई, तुम्हीही असं केलं असेल तर जुनं मशीन सोडण्याआधी तिथे जाऊन या.

विंडोज ७ वर तो फोल्डर ‘टेम्पररी इंटरनेट फाइल्स’च्या आत ‘कंटेंट डॉट आउटलुक’ नावाने असतो, आणि त्याच्या आत वाटेल तशा अक्षरांच्या नावाचा आणखी एक. लपवलेले फोल्डर दाखवा म्हटलं तरी तो सहसा दिसत नाही. पत्त्याच्या पट्टीत पूर्ण पत्ता टाइप करूनच शिरावं लागतं.

कृष्णाकाठ | १७ जून, संध्याकाळी ५.३०

रानजाई, तुमचे उपकार कसे फेडू! त्या फोल्डरमध्ये ४३ फायली निघाल्या. त्यात २०१६ च्या अंकातली एक दीर्घकथा आहे, लेखकाने स्वतः आमच्या घरी बसून, याच कॉम्प्युटरवर शेवट बदलला होता. छापताना कुठली प्रत गेली यावरून तेव्हा गोंधळ झाला आणि जुना शेवट छापला गेला. बदललेला शेवट हरवला असंच आम्ही धरून चाललो होतो. तो इथे होता.

थंडरबर्डची आयात दोन रात्री चालली. पहिल्या रात्री मशीन बंद पडलं, दुसऱ्या रात्री समोर टेबलफॅन लावला. झालं एकदाचं. पण तीन फायली मिळून १५.८ जीबी होत्या, थंडरबर्डमध्ये सगळं मिळून जवळपास २० जीबी भरतंय. काही दोनदा आलंय का?

तारयंत्र | १७ जून, संध्याकाळी ६.२०

दोनदा आलेलं नाही. पीएसटीत अटॅचमेंट तिच्या मूळ रूपात असते. एमबॉक्स साधा मजकूर असल्यामुळे तिथे चित्रं, वर्ड फायली यांना अक्षरांचं रूप द्यावं लागतं, त्याला बेस६४ म्हणतात. ३ बाइटची ४ अक्षरं होतात, म्हणजे आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो. तुमच्याकडे मुखपृष्ठं आणि पानं जास्त, म्हणून फरक एवढा दिसतोय.

आता थंडरबर्ड बंद करून त्याच्या प्रोफाइलमधल्या (मेल आणि सेटिंग्ज ठेवायचा त्याचा फोल्डर) ‘मेल’ फोल्डरच्या आतला ‘लोकल फोल्डर्स’ घ्या. नव्या लॅपटॉपवर थंडरबर्ड बसवा, एकदा उघडून बंद करा, आणि त्यातलं सगळं तिथल्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ठेवा. ‘डॉट एमएसएफ’ शेपटीच्या फायली म्हणजे नुसत्या अनुक्रमणिका, त्या नाही घेतल्या तरी नव्याने तयार होतात. बिनशेपटीच्या मोठ्या फायली म्हणजे खरी मेल. पत्त्यांच्या वहीची फाइल प्रोफाइलमध्ये बाहेरच असते, तीही घ्या.

नव्या लॅपटॉपवर खातं जोडताना पॉप नको, आयमॅप निवडा. आणि तिथली प्रोफाइलही ‘ॲपडेटा’तच असते, क्लाउडमध्ये जात नाही. म्हणून महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर तिची नक्कल करा.

कृष्णाकाठ | १९ जून, दुपारी ४.००

आलं सगळं! फोल्डरनिहाय आकडे जुळवले. २००४ ते २००९ तंतोतंत. चालू फोल्डरमध्ये १७ चा फरक आहे, मुलगा म्हणतो त्या कॅलेंडरच्या नोंदी होत्या. मी सतराच्या सतरा शोधून बघितल्या, तसंच आहे.

पण नवं संकट. मेलचा मजकूर नीट दिसतो, जुन्या अटॅचमेंट मात्र उघडल्या की सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हं. कथा नाही, कविता नाही, नुसता कचरा. फायली खराब झाल्या का?

जुळारी | १९ जून, संध्याकाळी ७.३०

ताई, घाबरू नका. फायली ठणठणीत आहेत. मी खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलेला माणूस, नंतर तीस वर्षं डीटीपी केलं. युनिकोड (प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत) रुळायच्या आधी आपण श्रीलिपी, आयएसएम वगैरे सॉफ्टवेअरमधून टाइप करायचो. त्या फाइलच्या पोटात ‘क’ नसतोच. रोमन अक्षराची जागा असते आणि फॉन्ट तिच्यावर ‘क’चं चित्र काढतो. फॉन्ट गेला की चित्र जातं, खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. म्हणून तुम्ही लेखकाचं नाव टाकून शोध घेतलात तरी या फायली कधी सापडणार नाहीत.

जुनं मशीन चालू आहे तोवर तीन कामं करा. विंडोजमधला ‘फॉन्ट्स’ फोल्डर अख्खा कॉपी करा. महत्त्वाच्या फायली जुन्या मशीनवरच वर्डमधून पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो, म्हणजे पान जसं होतं तसं कायम राहील. आणि पेजमेकरच्या (पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या) फायली असतील तर त्यांचीही पीडीएफ आत्ताच. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस६ नंतरच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फायली उघडत नाहीत.

मग सावकाश एकेक फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. कुठला फॉन्ट आहे ते आधी ओळखा, एकाचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही. मूळ फाइल कधीही पुसू नका, बदललेली प्रत शेजारी ठेवा.

कृष्णाकाठ | २१ जून, रात्री ९.१५

जुळारीकाका, फॉन्ट आणले आणि कथा डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. पीडीएफचं काम रोज संध्याकाळी दोन तास करतेय, २००८ पर्यंत पोचले. त्या दीर्घकथेचं युनिकोडही करून बघितलं. लेखकाच्या मुलीला फोन केला, ती म्हणाली की तो शेवट आम्ही घरी कुणीच वाचलेला नाही. यंदाच्या अंकात तिच्या परवानगीने पूर्ण कथा नव्या शेवटासह घेतोय.

जुळारी | २१ जून, रात्री ९.५०

फार चांगलं काम करताय. छपाईला देण्याआधी ती कथा मूळ पीडीएफ शेजारी ठेवून ओळन् ओळ वाचा. कन्व्हर्टर अर्ध्या र-वर हमखास अडखळतो. ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द वेगळे काढून बघा. पहिल्या वेलांटीची जागाही चुकते.

कृष्णाकाठ | २२ जून, सकाळी ७.४०

बघतेय काका. पहिल्याच पानावर ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ झालेलं सापडलं.